लिंबोळी कडू आहे, पण कामाची आहे का?

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेताच्या वाटेवर. आज आम्ही लिंबोळीबद्दल बोलणार आहोत. पुस्तकात आणि सरकारी कागदात तिला निंबोळी म्हणतात, आपल्याकडे लिंबोळीच. लिंबाखाली पिवळा सडा पडतो, शेळ्या खातात, पोरं एकमेकांना मारतात, आणि उरलेलं आपण झाडून उकिरड्यावर टाकतो. त्या बीच्या पोटात काय आहे आणि ते कुणाला काय करतं, एवढाच आजचा विषय.

पण आधी आमची फजिती सांगतो. कारण फजिती झाली नसती तर आम्ही हे शिकलोच नसतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या बारा जणींनी लिंबोळ्या गोळा केल्या. उन्हात कडकडीत वाळवल्या, कुणी पत्र्यावर, कुणी डांबरी रस्त्याच्या कडेला. गिरणीतून दळून आणल्या आणि पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या. पिशवी बांधण्याआधी एक जण बोटाला पावडर लावून जिभेवर ठेवायची, तोंड वाकडं झालं की पिशवी पास. ही आमची तपासणी. आम्हाला वाटायचं, जितकी कडू तितकी जोरदार.

भाद्रपदात शेजारच्या वस्तीवरची एक वहिनी पिशवी घेऊन आमच्या बैठकीतच आली. पिशवी मधोमध ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुमची पावडर कडू आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अळीला काहीच झालं नाही. दोन फवारे मारले. शेवटी दुकानातून औषध उधारीवर आणलं." तिचं बोलणं शांत होतं, म्हणून जास्त लागलं. आम्ही पैसे परत दिले. तिच्यामागून आणखी चौघी आल्या, त्यांचेही दिले. त्या हंगामाची कमाई तिथेच संपली. त्याहून वाईट म्हणजे गावात बोलणं झालं की बायकांच्या गटाचा माल असाच असतो.

पुढे कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमकडे आम्ही तिघी गेलो. त्यांनी आमची पावडर पाहिली, दोन-तीन बिया फोडून पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "उन्हात वाळवली ना?" मग त्यांनी दोन तास बसवून समजावलं. घरी येऊन आम्ही पुन्हा वाचलं, विचारलं, करून पाहिलं. ते आता आमच्या भाषेत सांगतो.

लिंबोळीची साल आणि वरचा गोडसर चिकट गर काढला की आत टणक टरफलाची बी. ती फोडली की आत मगज. सगळी किमया या मगजात आहे. मगजाचं वजन केलं तर जवळजवळ निम्मं तेल निघतं, शंभर ग्रॅमला चाळीस ते पन्नास ग्रॅम. हे तेल म्हणून पाहिलं तर फार वेगळं नाही. शेंगदाण्याच्या तेलात ओलिक आम्ल असतं, तेच यात सगळ्यात जास्त. शिवाय स्टिअरिक, पामिटिक, लिनोलिक ही आम्लं. साबण करायला चांगलं. मग शेंगदाण्याचं तेल आपण भाजीत घालतो आणि लिंबोळीचं का नाही? कारण तेलाबरोबर त्यात दुसरे पदार्थ उतरतात. उग्र लसणासारखा वास येतो तो गंधकाच्या पदार्थांचा. आणि कडूपणा येतो तो लिमोनॉइड नावाच्या पदार्थांचा. हे नाव एवढं लक्षात ठेवा. लिंबू-संत्र्याच्या बीतला कडूपणाही याच घराण्यातला.

या घराण्यात भावंडं पुष्कळ. निंबिन, निंबिडिन, सॅलॅनिन, आणि सगळ्यात नावाजलेलं ॲझाडिरॅक्टिन. निंबिन आणि निंबिडिन लिंबाच्या तेलातून वेगळे काढले सलीमुझ्झमान सिद्दीकी नावाच्या शास्त्रज्ञाने, 1942 साली, म्हणजे फाळणीच्याही आधी. ॲझाडिरॅक्टिन सापडलं त्याची गोष्ट टोळधाडीची आहे. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की टोळांनी सगळं हिरवं खाल्लं, पण लिंबाची झाडं सोडली. आपल्या दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली लिंबोळीच्या मगजाचं पाणी पिकावर मारून दाखवलं की टोळ त्या पिकाला तोंड लावत नाहीत. मग 1968 साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन या दोघांनी बीमधून तो नेमका पदार्थ वेगळा केला.

एक गंमत सांगतो. या ॲझाडिरॅक्टिनचा एक कण म्हणजे कार्बनचे 35, हायड्रोजनचे 44 आणि ऑक्सिजनचे 16 अणू, अशा गुंतागुंतीने विणलेले की त्याची पूर्ण रचना कळायला 1985 साल उजाडलं. ती कळल्यावर प्रयोगशाळेत तो पदार्थ तयार करायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना 22 वर्षं लागली. 2007 साली जमलं. आपल्या पारावरचं झाड मात्र दर उन्हाळ्यात पाटीभरून तयार करतं. आणि आपण ते झाडून टाकतो!

पण एवढा गुंतागुंतीचा पदार्थ नाजूकही असतो. आमची फजिती झाली ती इथे. ॲझाडिरॅक्टिन उन्हाने मोडतं. उष्णतेने मोडतं. पाणी फार क्षारयुक्त असेल तर त्यातही मोडतं. आणि मुळात किलोभर मगजात ते असतं फक्त काही ग्रॅम. आम्ही ते पत्र्यावर आणि डांबरावर टाकून भाजून काढलं होतं. राहिलं काय? कडूपणा. कारण जिभेला लागणारं कडू हे एकट्या ॲझाडिरॅक्टिनचं नाही, बाकीच्या भावंडांचंही आहे, आणि मुख्य वाटा तर त्यांचाच. घराचा कर्ता निघून गेला आणि बाकीची माणसं ओसरीवर बसून आहेत, तसं. बाहेरून घर भरलेलं दिसतं. आमची जीभ ओसरी पाहून पिशवी पास करत होती.

आता अळीला हे करतं काय, ते ऐका, म्हणजे फवारणीनंतर घाबरायला होणार नाही. दुकानातलं औषध मारलं की अळी दोन तासांत खाली पडते. आपल्या डोळ्यांना त्याची सवय झाली आहे. लिंबोळीचा अर्क तसा मारत नाही. पहिलं म्हणजे अळीची खाण्याची इच्छाच जाते. पानावर बसते, पण चावत नाही. दुसरं, अळी मोठी होताना साप टाकतो तशी कात टाकते. कात टाकायची वेळ झाली हे तिच्या शरीरातला एक रस तिला सांगतो. ॲझाडिरॅक्टिन त्या रसाचं काम बिघडवतं. मग जुनी कात सुटत नाही, नवी नीट धरत नाही, आणि अळी अर्धवट अवस्थेत मरते. तिसरं, मादी पतंग त्या पानावर अंडी कमी घालते. या सगळ्याला दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाल तर अळ्या जिवंत दिसतील. पाहायचं असेल तर पान पाहा, नवीन भोकं पडलीत का ते.

म्हणून लहान अळीवर अर्क चांगला चालतो, बोटाएवढी झाल्यावर नाही. त्या वहिनीच्या तुरीत आम्ही नंतर जाऊन आलो. तिने फवारा मारला तेव्हा अळ्या शेंगेत शिरल्या होत्या. म्हणजे पावडर चांगली असती तरी त्या वेळी फार उपयोग झाला नसता. हे तिला सांगितलं, पण पिशवी विकताना सांगायला हवं होतं ते आम्हीच. आम्ही तेव्हा नुसती पिशवी विकली.

आता आम्ही कसं करतो ते सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पिकून पिवळी झालेली लिंबोळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गोळा करायची. पावसात आठवडाभर चिखलात पडलेली घ्यायची नाही. पाण्यात भिजवून हाताने चोळायची, गर सोडवायचा, स्वच्छ पाण्यात धुवायची. गर राहिला की बुरशी आलीच. मग सावलीत, वारा लागेल अशा ओसरीत, चटईवर किंवा बारदानावर पातळ पसरायची आणि दिवसातून दोनदा हात फिरवायचा. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, आमच्या बायका कंटाळतात, "थोडं ऊन दाखवू का" असं विचारतात. आम्ही नाही म्हणतो. चांगली वाळली की बारदानाच्या पोत्यात भरून, खाली फळी ठेवून, भिंतीपासून लांब. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आतल्या आत घाम येऊन मगज काळा पडतो. ओल्या बीवर जी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. शेंगदाण्याला बुरशी लागली की होतं तेच, यकृताला वाईट. अशी बी दळताना धूळसुद्धा नाकात जाऊ देऊ नका.

आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनी बी अर्काला घ्यायची नाही. आणि दळायची ती लागेल तेवढीच, वापरायच्या आदल्या दिवशी. गिरणीत एकदम दळली तर तापते, म्हणून थांबून थांबून दळायची. थोडी असेल तर उखळ बरं.

पाच टक्के अर्क करायला पाच किलो पावडर नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा. सकाळी पावडर ढवळून जाड फडक्यातून पिळून गाळायची, त्यात साबणाचं पाणी मिसळायचं, आणि एकूण शंभर लिटर होईल एवढं पाणी घालायचं. पंधरा लिटरच्या एका पंपाचं करायचं असेल तर पाऊण किलो पावडर पुरते. पाणी गरम करायचं नाही. काही जणी उकळतात, काढा समजून. हा काढा नाही! साबण पानावर पाणी पसरायला आणि तेलाचा अंश मिसळायला असतो, म्हणून जास्त घातला तर जास्त गुण येतो असं नाही, उलट पाणी क्षारट होतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी आधीच जड आहे, शक्यतो विहिरीचं किंवा पावसाचं घ्या. फवारा ऊन उतरल्यावर, संध्याकाळी. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा.

आणि चव पाहायची नाही. रंग पाहायचा. चांगल्या बीचं गाळलेलं पाणी दुधासारखं पांढरट दिसतं. तपकिरी, चहासारखं दिसलं तर बी जुनी किंवा खराब आहे. आता आमची तपासणी ही आहे. पोत्यातल्या दहा-वीस बिया फोडायच्या, मगज काळा किंवा करडा असेल तर पोतं बाजूला, आणि मूठभर भिजवून रंग पाहायचा.

तेल काढणाऱ्या गटांना एक सांगायचं आहे. घाणीत तेल काढलं की निंबिन, सॅलॅनिन ही भावंडं तेलात उतरतात, पण ॲझाडिरॅक्टिन बरंचसं पेंडीतच राहतं. म्हणून पेंड फुकटात देऊ नका. तिच्यात नत्र आहे, आणि जमिनीत युरियाच्या नत्राला वाहून जाऊ न देण्याचा गुण आहे. 2015 पासून सरकारने सगळ्या युरियाला लिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं केलं ते त्याच कारणाने.

आता आज बोलायला बसलो त्याचं खरं कारण. मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी तीन महिन्यांचं बाळ खोकत होतं. आजी अनुभवी, सहा लेकरं वाढवलेल्या. गटाने काढलेली तेलाची बाटली त्यांच्या घरात होती, केसांसाठी नेलेली. त्या सुनेला म्हणाल्या, "बोंडल्यात चमचाभर दे गं, लिंब आहे, लिंबाने कधी कुणाचं वाईट झालं का?" सून आमच्या गटातली. तिने बाटली उचलली आणि आधी आम्हाला फोन केला. तिने तो फोन केला नसता तर काय झालं असतं, हा विचार आम्ही अजूनही करतो. बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथे औषध झालं, बरं आहे.

मैत्रिणींनो, 1981 साली मलेशियातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे की तान्ह्या मुलांना घरगुती औषध म्हणून लिंबोळीचं तेल पाजल्यावर काही तासांतच उलट्या, गुंगी, जोराचा श्वास आणि झटके आले. यकृत आणि मेंदूवर परिणाम झाला. त्या घरांतही हाच आपल्यासारखा समज असणार, आणि मुलांना प्रेमानेच पाजलं असणार. लिंबाचा पाला पाडव्याला आपण गुळाबरोबर दोन पानं खातो, ती गोष्ट वेगळी. पाला वेगळा, बी वेगळी. बीचं तेल म्हणजे त्या बीतलं सगळं एकवटलेलं.

दुसरं, गरोदर बाईने आणि मूल हवं असलेल्या बाईने हे तेल पोटात घ्यायचं नाही. प्रयोगशाळेत या तेलाने पुरुषबीज निकामी होतं असं दिसलं आहे, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भ पडल्याचंही. त्यावरून गर्भनिरोधक औषधं करण्याचं संशोधन आपल्या देशात झालं आहे. पण संशोधनातलं मोजलेलं औषध आणि आपल्या बाटलीतलं तेल यांत फार अंतर आहे. कुणी पाळी चुकली म्हणून हे प्यायला सांगत असेल तर ऐकू नका, आशाताईंकडे जा. लाज वाटत असेल तर आमच्याकडे या, आम्ही सोबत येतो.

मग माणसाला याचा काहीच उपयोग नाही का? आहे. निंबिडिन सूज कमी करतं असं प्राण्यांवर दिसलं आहे, तेल काही बुरशींना आणि जंतूंना रोखतं. म्हणून साबणात, केसांच्या तेलात, गुरांच्या जखमेभोवती माशी बसू नये म्हणून लावायला आपण वापरतो. मोठ्या माणसाने कातडीवर लावताना आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस पाहायचं. खाज आली तर सोडून द्यायचं. मधुमेह किंवा इतर आजाराच्या गोळ्या सोडून लिंबोळी चघळणारे आमच्या गावातही आहेत. त्यांना आम्ही एकच विचारतो, "डॉक्टरांना सांगितलंय का?"

अर्क विषारी औषधांपेक्षा सौम्य आहे, म्हणून हात उघडे ठेवून फवारा असं आम्ही सांगणार नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते रासायनिक औषधांमुळे. पण सवय एकच लागली पाहिजे. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, नंतर साबणाने हात. आणि उरलेला अर्क किंवा पंपाचं धुणं तळ्यात, ओढ्यात ओतू नका. माशांना ते चांगलं नाही.

एक गोष्ट राहून जात होती. लिंबाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेच्या कृषी खात्याने आणि एका कंपनीने युरोपात पेटंट घेतलं होतं. ते पेटंट 2000 साली रद्द झालं, आणि 2005 साली त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. त्या निकालात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर 1985-86 साली झालेल्या चाचण्यांचा पुरावा कामाला आला. तारीख-वार लिहून ठेवलेला पुरावा. आमच्या वहीत आता कोणत्या पोत्यातली बी कोणत्या झाडाखालची, कधी गोळा केली, कधी दळली, कुणाला विकली, हे लिहिलेलं असतं. वही लिहायचा कंटाळा येतो त्या दिवशी आम्ही एकमेकींना सांगलीची आठवण करून देतो.

तेलाच्या बाटलीवर आता मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आहे, "पोटात घेऊ नये. लहान मुलांना पाजू नये." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. पहिल्यांदा छापलं तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या की अशाने माल खपायचा नाही. थोडा कमी खपला, हे खरं आहे.

त्या वस्तीवरच्या वहिनी या वर्षी पुन्हा आल्या. हरभऱ्यासाठी पावडर हवी होती. आम्ही पिशवी पुढे केली, तर म्हणाल्या, "थांबा." घरातून आणलेल्या स्टीलच्या तांब्यात त्यांनी मूठभर पावडर टाकली, पाणी घातलं, ढवळलं आणि तिथेच ओट्यावर बसून राहिल्या. आम्ही चहा टाकला. अर्ध्या तासाने तांब्या उजेडात धरून पदराच्या टोकातून थोडं पाणी गाळून पाहिलं. पांढरं होतं. मग पैसे काढले, आणि वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं.